थोरल्याचं कलम

राजाभाऊंच्या बागेतल्या प्रत्येक कलमाला नाव होतं. विहिरीकडचा तो पाणक्या, दगडी गडग्याला रेललेला तो आळशी, एका वर्षाआड रुसून बसणारी ती सासुरवाशीण, आणि त्यांच्या आईनं जायच्या वर्षी लावलेलं कलम ते नुसतंच आई. कुणी फाटकातून ओरडलं, "भाऊ, खालच्या अंगाला मोहर गळतोय," तर राजाभाऊ लगेच विचारायचे, "कुणाचा? आळशाचा की पाणक्याचा?" गोळपच्या कातळी सड्यावर यावरून त्यांची थट्टा व्हायची आणि ती त्यांना मनातून आवडायची. नाव दिलं की माणूस झाडाकडे दोनदा बघतो, असं ते सांगत.

बाग राखायला येणाऱ्या माणसाला मात्र नाव लागत नसे. तो बहादूर.

सड्यावरच्या सगळ्याच बागांत बहादूर होते. पौषात मोहर धरला की नेपाळची माणसं रत्नागिरीत उतरायची आणि पावसाच्या तोंडाला परत जायची. दिवसा माकडं हाकायची, रात्री चोरांवर नजर ठेवायची आणि बागेतल्याच खोपीत झोपायचं, हे त्यांचं काम. आईबापांनी काय हौसेनं नाव ठेवलं असेल ते असो, फाटकातून आत आला की तो बहादूर. यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यातही येत नसे. राजाभाऊंच्याही नाही. त्यांचा आधीचा बहादूर सहा हंगाम राहिला, मग कतारला गेला, आणि जाण्याआधी शब्द दिल्याप्रमाणे त्यानं आपल्या गावाकडचा एक माणूस पाठवून दिला.

तो माणूस जानेवारीत आला, एकटाच. पस्तिशीचा असेल. पाठीला एक पिशवी, अंगात जाड स्वेटर, आणि रत्नागिरीच्या उन्हात त्या स्वेटरचा घामानं नुसता लगदा झालेला. देश सोडून तो पहिल्यांदाच बाहेर पडला होता. फाटकाशी उभा राहून तो सड्याखालच्या समुद्राकडे बघतच राहिला. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. मग भानावर येऊन त्यानं हात जोडले.

"साब, मेरा नाम पदम."

राजाभाऊ तेव्हा फवारणीवाल्याशी हुज्जत घालत होते. "हां हां. बहादूर, वो खोपी दिखती है ना, उधर सामान रखो," असं म्हणून ते पुन्हा फवारणीवाल्याकडे वळले.

नवा माणूस बागेत झोपणार असला की थोरल्याला सांगायचं, ही त्या घरची जुनी रीत. थोरला म्हणजे बागेच्या कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या कलमाखालचा दगड, बागेचा राखणदार. त्या कलमाला कुणी आंबे उतरवायचा झेला लावत नसे. पडेल तो आंबा थोरल्याचा, नाहीतर वाटसराचा. संध्याकाळी राजाभाऊंनी तिथं नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. साथीला बागेतला जुना गडी धाकू होता.

"बा थोरल्या, हा बहादूर लांबून, परमुलखातून आलाय. तुझ्या पायाशी झोपणार आहे. वेळी-अवेळी याला सांभाळ. इडापिडा याच्या वाटेस येऊ देऊ नको रे महाराजा."

"होय महाराजा," धाकू म्हणाला.

नव्या माणसाला मराठी कळत नव्हतं, पण 'बहादूर' तेवढं कळलं. त्यानं एकदा राजाभाऊंकडे पाहिलं, मग दगडाकडे. राजाभाऊंना ते दिसलं होतं. दिसलेलं सगळंच माणूस कुठं मनावर घेतो!

माणूस कामाला चोख निघाला. गलोल अशी मारायचा की माकडाच्या शेपटीजवळून खडा जाई, पण माकडाला लागत नसे. आनंदीबाईंनी, म्हणजे राजाभाऊंच्या बायकोनं, पहिल्यांदा कुळथाची पिठी दिली तेव्हा त्यानं ती नुसतीच वाटीनं पिऊन टाकली. त्याची मुलगी शाळेत जाते, हे आनंदीबाईंनी त्याच्याकडून खाणाखुणांनी काढून घेतलं. राजाभाऊंची तक्रार एकच होती. तो दर सकाळी बॅटरी चार्जिंगला घरी घेऊन यायचा. "हा रात्रभर बॅटरी लावून झोपतो की काय? माणूस आहे की काजवा?" असं ते म्हणायचे, आणि आपल्याच विनोदावर हसायचे.

वैशाखातल्या एका सकाळी राजाभाऊ पेट्या पोचवून शहरातून परतले. फाटकाशी तो माणूस हसत उभा होता. पायाशी दोन क्रेट भरून आंबे, देठासकट, नीट मांडलेले.

"साब, बंदर का टोली आया था. वो कोना वाला पेड़ पे. हमने सब बचा लिया."

राजाभाऊंनी कोपऱ्याकडे पाहिलं. थोरल्याचं कलम पार उतरवून रिकामं झालं होतं. आजोबांपासून कुणी जे केलं नव्हतं ते त्यांच्या बागेत, त्यांच्या माघारी झालं होतं. त्यांचा हात कधी उठला ते त्यांनाच कळलं नाही. त्याच्या गालावर फटाका फुटावा तसा आवाज झाला. आंबे वेचणारे गडी जागच्या जागी थांबले.

धाकू पुढे आला. "भाऊ, नवीन मानूस हाय तो. त्याला काय म्हाईत?"

"नवीन कसला! त्या झाडाखाली उभं करून मी स्वतः सांगितलं होतं याला."

"हमको नहीं बोला, साब," गालाला हातही न लावता तो म्हणाला.

"वर खोटं बोलतोस?"

त्यानं क्रेट उचलून सावलीत ठेवले. खाली मान घालून खोपीकडे गेला.

दुपारी जेवताना राजाभाऊ धुसफुसतच होते. आनंदीबाईंनी आमटी वाढली आणि पळी हातात तशीच ठेवून विचारलं, "तुम्ही कधी हो सांगितलंत त्याला?"

"आला तेव्हा. सगळी बाग दाखवली नाही का? अवकाळी पाऊस भुरभुरत होता. एका छत्रीत उभे होतो आम्ही, मी नि बहादूर."

"यंदा कुठं पडला अवकाळी? यंदा गाऱ्हाणं घातलंत नि दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसलात. माघ संपेस्तोवर ओटीवरून खाली उतरला नव्हतात. छत्रीतला तो आधीचा बहादूर. त्याच्या पहिल्या वर्षीचं बोलताय तुम्ही."

राजाभाऊंचा घास हातातच राहिला. छत्री आठवली, पाऊस आठवला, छत्रीत शेजारी उभा असलेला माणूसही आठवला. तो बुटका होता. हा उंच आहे. सहा-सात वर्षांपूर्वी एकाला सांगितलेलं त्यांनी दुसऱ्याच्या नावावर मांडलं होतं, कारण दोघांचं नाव एकच होतं, आणि ते नाव दोघांपैकी एकाचंही नव्हतं. चूक त्यांची, थप्पड त्याला. शिवाय चार माणसांत खोटारडा ठरवलं ते वेगळंच. त्यांना स्वतःच्या उजव्या हाताची शिसारी आली. ते पानावरून उठले.

खोपी रिकामी होती. आनंदीबाईंनी दिलेली चादर घडी करून ठेवलेली, गलोल खुंटीला, बॅटरी तिच्याशेजारी. जमीन झाडून ठेवली होती. पगार कालच चुकता झाला होता, तेव्हा मागायलाही तो ओटीवर आला नव्हता.

शेजारच्या संदेशची रिक्षा दारातच उभी होती. "कुटं जायचा हाय, भाऊ?" त्यानं विचारलं.

"स्टेशनला. जरा हाण."

वाटभर राजाभाऊ काय बोलायचं ते जुळवत होते. पण स्टेशनात शिरल्यावर पहिलीच पंचाईत निराळी झाली. फलाटावर नेपाळी माणसांचे घोळके बसले होते. कुणी गावी निघालेले, कुणी त्यांना पोचवायला आलेले. राजाभाऊंनी डोळे फाडफाडून पाहिलं, पण तो काही दिसेना.

"बहादूर!" त्यांनी हाक मारली.

इकडचे तिकडचे सात-आठ चेहरे वळले. त्यांतला एकही त्यांचा नव्हता. त्या चेहऱ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, आणि हाक आपल्याला नाही हे कळल्यावर निमूट माना फिरवल्या. ही हाक त्यांनी कुठंकुठं, कितीदा ऐकली असेल कोण जाणे. राजाभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा ती हाक मारायला त्यांची जीभ रेटेना.

फाटकाशी तो काहीतरी म्हणाला होता. हात जोडले होते, स्वेटर घातलेला होता, आणि नाव सांगितलं होतं. स्वेटरचा रंगसुद्धा आठवत होता. नाव आठवत नव्हतं.

त्यांनी मोबाईल काढला. त्यात 'बहादूर' म्हणून एकच नंबर होता, कतारला गेलेल्याचा. पलीकडून लगेच आनंदानं आवाज आला.

"साब! बाग कैसा है? आई कैसी है?"

तो झाडाची चौकशी करत होता की आनंदीबाईंची, हे राजाभाऊंना कळेना. झाडाचं नाव त्याला ठाऊक होतं, आणि आनंदीबाईंनाही तो आईच म्हणायचा.

"सब ठीक है. सुन, तूने जो आदमी भेजा, उसका नाम क्या?"

"पदम, साब. पदम साउद. अछाम का है, हमारे बाजू का गाव. क्यों साब, कुछ हुआ?"

"मेरे से हुआ," राजाभाऊ म्हणाले. "और तेरा? तेरा नाम क्या रे?"

त्यानं पलीकडे कुणाला तरी थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं.

"डंबर, साब," तो हळूच म्हणाला आणि थोडंसं हसला. त्या हसण्यात राग असता तर राजाभाऊंना बरं वाटलं असतं.

"पदम!" त्यांनी फलाटावर हाक मारली. फलाटाच्या पार टोकाला, नळापलीकडे, एक उंच माणूस उभा राहिला.

राजाभाऊ गुडघा ओढत त्याच्यापर्यंत गेले. जुळवलेलं सगळं वाटेतच सांडलं होतं. "मेरा चुकलं. तेरे को नहीं बताया था, दुसरे को बताया था. सबके सामने मारा, सबके सामने माफी मांगूंगा. चल घर."

पदमनं मान हलवली. "थप्पड का बात नहीं, साब. बाप भी मारता था. आदमी भूल जाता है."

"फिर?"

पदमनं पिशवी खाली ठेवली. "उस दिन आपने भगवान के पास मेरा नाम नहीं बोला. हमारे गाव में भी ऐसा पूजा होता है. नाम बोलना पडता है, किस का बेटा, किस गाव का. तब भगवान पहचानता है. हम सोचते थे, इस भगवान को मालूम ही नहीं इधर कौन सोता है. रात को डर लगता था, साब. इसलिए बत्ती जलाके सोता था."

काजवा. राजाभाऊंना तो विनोद आठवला आणि मान वर करवेना. तेवढ्यात गाडी आली. पदमनं वाकून त्यांना नमस्कार केला, पिशवी उचलली आणि जनरलच्या डब्यात चढला.

राजाभाऊ परतले तेव्हा दिवस मावळत होता. धाकूनं ते दोन क्रेट आंबे थोरल्यापुढे आणून ठेवले होते. राजाभाऊंनी घरातून नारळ आणला, चपला काढल्या आणि हात जोडले. धाकू मागे उभा राहिला.

"बा थोरल्या, पदम साउद, गाव अछामकडचं. सारा हंगाम तुझ्या पायाशी झोपला नि मी तुला त्याचं नाव सांगितलं नाही. तुझं कलम त्यानं माकडांपासून वाचवायला उतरवलं. दोष माझा, तो माझ्याकडून घे. तो आता गाडीत बसलाय, त्याला सुखरूप घरी पोचव रे महाराजा."

"होय महाराजा."

"डंबर. सहा वर्षं इथं झोपला. त्याचंही नाव कधी सांगितलं नव्हतं. तो आता कतारला आहे. तुझी नजर तिथवर जात असेल तर त्याला सांभाळ रे महाराजा."

"होय महाराजा."

"आणि डंबरच्या आधीचा..." राजाभाऊ म्हणाले आणि थांबले.

तो तीन की चार हंगाम होता. बासरी वाजवायचा. पाणक्याच्या बुंध्याशी बसून जेवायचा. त्याच्याही आधी एक होता, त्याला साप चावला होता आणि तो वाचला होता. राजाभाऊंनी डोळे मिटून घेतले. विहिरीकडून गडग्यापर्यंत एकेक झाड नावानिशी डोळ्यांपुढून गेलं.

धाकू 'होय महाराजा' म्हणायला मागे थांबून राहिला होता.