चौथा पाय

आमच्या फुटबॉल क्लबच्या चिन्हावर घोडा आहे आणि त्या घोड्याला तीन पाय आहेत. नवख्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग आमचे चेहरे बघतो आणि खोकला आल्यासारखं करतो.

चौथ्या पायाचं काय झालं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. नाक्यावरचे औषधवाले म्हणतात, तो पोटाखाली दुमडलेला आहे, जातिवंत घोडा असाच पळतो. त्यांनी घोडा फक्त टॉनिकच्या बाटलीवर पाहिलेला आहे. कंडक्टरचं म्हणणं असं, की त्या पायाने चेंडू मारलेला आहे आणि चेंडूबरोबर पायही चौकटीबाहेर गेलेला आहे. कंडक्टर बसमधून निवृत्त झाला तरी त्याला अजून सगळं जग पुढे सरकताना दिसतं. खरी गोष्ट बहुधा एवढीच असावी: पहिल्या गोलकीपरच्या मेव्हण्याने पत्र्यावर घोडा रंगवायला घेतला, तोंडापासून सुरुवात केली आणि शेपटीपर्यंत येता येता पत्रा संपला. मेव्हण्याला काम दिलं की काहीतरी संपतंच.

नदीपलीकडच्या क्लबने यावरून आम्हाला ‘तिपाई’ म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या जर्सीवर दातेरी चाक आहे. त्याबद्दल आम्ही कधी काही बोललो नाही, कारण काय बोलावं ते सुचलं नाही. पण चिडवणं अती झालं, तेव्हा आमचा मिस्त्री एका सामन्याला खरोखरची लाकडी तिपाई घेऊन गेला. आम्ही गोल केला तशी त्याने ती डोक्यावर उलटी धरली, तिन्ही पाय आभाळाकडे. पुढच्या सामन्याला अर्धा स्टँड तिपाया घेऊन हजर. तेव्हापासून तो रिवाजच पडला. गोल केला की तिपाई वर, गोल खाल्ला की तिपाईवर बसायचं. गेल्या काही हंगामांतला आमचा खेळ पाहता तिपाया बसूनच जास्त झिजल्या, ती गोष्ट वेगळी.

हा मिस्त्री माझा शेजारी. भिंतीला भिंत. पुढे त्याचा सुतारकामाचा कारखाना, मागे बिऱ्हाड. चाहत्यांच्या संघटनेचा तो तहहयात अध्यक्ष. बैठक त्याच्याच कारखान्यात भरते आणि बसायला तिपाया त्याच्याच असतात, त्यामुळे निवडणुकीचा विषय कुणी काढत नाही. माणूस लोण्यासारखा, पण शपथेला दगड. एकदा ऑफसाइडवरून तो सख्ख्या मेव्हण्याशी बोलेनासा झाला, ते मेव्हण्याने चूक कबूल करेपर्यंत. मेव्हणा त्या सामन्याला लाइनमन नव्हता, प्रेक्षकही नव्हता. त्याने जेवताना फक्त नियम काय आहे ते सांगितलं होतं.

तर या हंगामाआधी क्लबच्या सेक्रेटरीला वाटलं, घोडा जुनाट दिसतो, नव्या जर्सीवर जरा तरतरीत हवा. एका संध्याकाळी कंडक्टर फोन हातात घेऊन धापा टाकत कारखान्यात आला. आम्ही सगळे त्या फोनमधल्या नव्या चिन्हाच्या फोटोवर वाकलो.

“हे काय आहे?” मिस्त्रीने विचारलं.

“घोडा,” औषधवाले म्हणाले.

“ते कळतंय हो. त्याला झालंय काय?”

“पाय आलाय.”

औषधवाल्यांनी हे अशा सुरात सांगितलं, जणू पाय नाही, गाठ आली आहे आणि ती काढता येईल की नाही ते तपासण्यांनंतरच कळेल.

मिस्त्रीने चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. चार पाय. खणखणीत, नाल ठोकलेले. हा घोडा कुठल्याही क्लबचा असू शकला असता. शर्यतीच्या मैदानाचा, आगपेटीचा, वंगणाच्या डब्याचा. “अहो, मग आपण तिपाया घेऊन जायच्या कशाला?” कंडक्टर म्हणाला. “उद्या टेबलं न्यायची का उचलून?”

“हा पाय ज्या कुणी लावलाय ना,” मिस्त्री हातातला रंधा आपटून म्हणाला, “त्याच्या हातचं पाणी मी जन्मात पिणार नाही!”

त्याच क्षणी त्याची सून कामावरून येऊन दारात हेल्मेट काढत होती. ती हेल्मेट काढता काढता थांबली, तशीच थोडा वेळ हेल्मेटच्या आत राहिली आणि मग गुपचूप मागच्या दाराने घरात गेली. बाकीच्यांना ते दिसलं नाही. ते घोड्याच्या खुराबद्दल बोलत होते.

अंधार पडायच्या आत ती आमच्याकडे आली. खुर्चीवर बसली, उठली, परत बसली.

“काका, तो पाय मी लावलाय.”

लग्न होऊन ती या घरात आली त्याला जेमतेम एक पावसाळा झाला होता. छापखान्यात चित्रं काढायचं काम करते. बिस्किटांची खोकी, दवाखान्यांच्या पाट्या, साबणाचे कागद. सासऱ्याला मात्र वाटायचं, ती तिथे हिशेब लिहिते. सेक्रेटरी एक विटलेली जर्सी घेऊन छापखान्यात आला आणि ‘एवढं जरा साफसूफ करून द्या’ म्हणाला. काम हिच्या टेबलावर आलं.

“मला वाटलं, चौथा पाय धुऊन धुऊन गेला असेल,” ती म्हणाली. “बाबांचा किती जीव त्या घोड्यावर! म्हटलं, आपल्या हातून लंगडा कशाला राहायला पाहिजे. इतका मन लावून काढला तो पाय मी, काका. गुडघा तर कितीदा खोडला.”

“पण तिपाया? घरभर तिपाया असतात तुमच्या. कधी विचारलं नाहीस?”

“मला वाटलं, कुठल्यातरी शाळेची ऑर्डर असेल.”

तिची काही चूक नव्हती. घरात जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ती नव्या माणसाला सांगायची कुणाचीच पाळी नसते. हंगाम बंद असताना आलेली सून, तिने मैदान पाहिलेलं नाही, तिपाया वर गेलेल्या पाहिलेल्या नाहीत. त्यात तिचं माहेर नदीपलीकडचं. दातेरी चाकवाल्यांचं.

“नवऱ्याला सांगितलंस?”

“सांगितलं. तो म्हणाला, तू बिनधास्त सांग बाबांना, मी तुझ्या मागे उभा आहे. आणि पंप विकायला दौऱ्यावर गेला.”

“बराच मागे उभा आहे म्हणायचा.”

ती हसली नाही. “काका, रोज बाबा काम संपवून आत आले की पाणी मीच देते. आता कसं देऊ? त्यांना माहीत नाही, ते पिऊन टाकतील. त्यांची शपथ माझ्यामुळे मोडेल, तीही फसवून. मला नाही जमणार ते.” मग डोळे पुसत म्हणाली, “आणि सांगितलं तर त्यांच्या मेव्हण्यांशी सोडलं तसं ते माझ्याशीही बोलणं सोडतील. सासूबाईंनी सांगितलंय मला ते ऑफसाइडचं. तुम्ही कुणाला सांगू नका. मीच सांगेन. धीर आला की.”

मी वचन दिलं. वचन द्यायला काय लागतं? पाळायला काय लागतं, ते नंतर कळतं.

चार-पाच दिवसांनी मिस्त्री आला. तो आमच्या घरी आला की आधी खुर्चीचा सांधा हलवून बघतो. त्या दिवशी त्याने बघितला नाही, नुसता बसला. मी समजलो, प्रकरण गंभीर आहे.

“सूनबाईचं काहीतरी बिनसलंय,” तो म्हणाला.

“का रे?”

“मला पाणी देत नाही. भरते, आणि सासूच्या हातात देते. मी स्वयंपाकघरात गेलो की ही अंगणात. अंगणात गेलो की गच्चीवर. परवा आईशी फोनवर बोलताना ऐकलं मी. म्हणत होती, चार दिवस तिकडे येऊ का.”

“चार दिवस ना? येईल की परत.”

“चारच दिवस म्हणून जातात रे सगळे.” त्याने टेबलावरून उगाचच बोट फिरवलं. “काय चुकलं माझं? आवाज मोठा आहे माझा, मान्य. रंध्याच्या आवाजात बोलायची सवय. पण ही पोर आल्यापासून घरात माझ्या विनोदांना हसणारं कुणीतरी होतं. आमच्या हिने हसणं कधी थांबवलं ते मला आठवतसुद्धा नाही. आता ती गेली ना, तर...” पुढचं वाक्य त्याने गिळलं. “तू तिला विचार. पण मी विचारलंय असं सांगू नकोस. वचन दे.”

दिलं. एव्हाना सरावलो होतो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भिंतीच्या पलीकडे एक माणूस घाबरलेला, की सून जाईल. दुसरं माणूस घाबरलेलं, की सासरा घालवेल. आणि अलीकडे मी, दोघांची वचनं पोटात घेऊन. मला खाल्लेलं पचेना. औषधवाल्यांकडे गेलो तर त्यांनी विचारलं, “पोटात काय आहे?” ते तरी त्यांना कसं सांगणार?

शनिवारी दुपारी बैठक भरली. विषय एकच: सोमवारी छापखान्यावर मोर्चा. तिपाया घेऊन.

“त्या चित्रकाराचं नाव कळलंच पाहिजे,” कंडक्टर म्हणाला. “मला तर यात नदीपलीकडचा हात दिसतो.”

“पाय,” औषधवाल्यांनी दुरुस्ती केली.

“चिन्ह म्हणजे काय असतं?” कंडक्टरला आता चढलं होतं. “ओळख असते ओळख! उद्या माझं नाक सरळ केलं, तर माझी बायको मला घरात घेईल का?”

“नाक सरळ केल्यावर कदाचित घेईल.”

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. तो कोपऱ्यात एकच फळी रंधत होता. आम्ही आलो तेव्हा तिचं कपाट झालं असतं, आता पट्टी झाली असती. भुशाचा ढीग घोट्यापर्यंत आला होता. “काय ते तुम्ही ठरवा,” तो म्हणाला. “माझं लक्ष नाही आज.”

अध्यक्षांचं लक्ष नाही! तेवढ्यात छापखान्याची अर्धी सुट्टी झालेली सून आली. या वेळी ती मागच्या दाराने गेली नाही. भुसा तुडवत सरळ आत आली आणि सासऱ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, मोर्चा नेऊ नका. तो पाय मी काढलाय.”

रंधा थांबला. औषधवाले तिपाईवरून अर्धवट उठले आणि तसेच अधांतरी राहिले.

“मला तिपायांचं माहीत नव्हतं. मला वाटलं, पाय पुसला गेलाय. तुम्हाला आवडेल म्हणून काढला.” ती एका दमात बोलत होती, थांबली तर रडू येईल अशी. “आणि तुमची शपथ मोडू नये म्हणून पाणी देत नव्हते. बाकी काही नाही.”

मिस्त्रीच्या भुवयांवर भुसा होता, त्यामुळे त्याच्या मनात नक्की काय चाललंय ते कळेना.

“म्हणजे पाण्याचं कारण हे होतं?”

“हो.”

“मी काही बोललो, लागलं, असं काही नाही?”

“नाही हो बाबा.”

“आणि आईकडे जाणार होतीस ते?”

“तुम्ही बोलायचं सोडलंत तर मी राहणार कुठे? म्हणून विचारून ठेवत होते.”

मिस्त्री मटकन खाली बसला. तिथे तिपाई होती हे आमचं नशीब. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि असा काही श्वास सोडला, की पुढ्यातला भुसा उडाला.

“अगं, एवढंच?” तो म्हणाला. “घोड्याचा पाय? एवढंच?”

‘एवढंच’ हा शब्द त्या कारखान्यात क्लबच्या चिन्हाबद्दल यापूर्वी कुणी उच्चारलेला नव्हता. कंडक्टरने छातीवर हात ठेवला.

“जा, पाणी आण,” मिस्त्री म्हणाला. “मोठा तांब्या भरून आण. आठवडाभर मला कोरड पडलीय.”

“मिस्त्री, शपथ!” कंडक्टर ओरडला.

“शपथ घेतली कुणी?”

“तुम्ही.”

“मग मोडायला काय तू येणार आहेस?”

तिने पाणी आणलं. तो घटाघटा प्यायला, अर्धं शर्टावर सांडलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनी, तिच्या सासूबाई, म्हणाल्या, “माझ्या भावासाठी नाही मोडली हो कधी.” पण त्यांचाही चेहरा सैल झाला होता. मला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

आता सगळं मिटलं, असं मला वाटलं. सून म्हणाली, “सोमवारी मी पाय काढून टाकते. अजून नमुनाच छापलाय, जर्सी छापायच्या आहेत.”

“काढून टाकते?” मिस्त्री उभा राहिला. “खबरदार हात लावलास तर! काय गुडघा काढलायस! बघितला का रे कुणी तो गुडघा?” त्याने कंडक्टरचा फोन ओढून घेतला. “घोड्याला चार पायच असतात. कंडक्टर, तू घोडा बघितलायस की नाही कधी?”

“अहो, पण ओळख...”

“ओळखीचं मला सांगू नकोस!”

“बाबा, पाय जाणार,” सून म्हणाली.

“पाय राहणार.”

“तीनच पाहिजेत. आता कळलंय मला सगळं. तुमचा घोडा आहे तो, आगपेटीचा नाही!”

तिचा आवाज चढला होता. या घरात तिचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकत होतो. मिस्त्रीनेही ऐकला असावा, कारण त्याचे डोळे चमकले आणि त्याने आपला आवाज आणखी वर नेला, तिला वाव मिळावा म्हणून. औषधवाले सुनेच्या बाजूला गेले. कंडक्टरला कोणाच्या बाजूला जावं ते कळेना, म्हणून तो दोघांच्या मधे उभा राहिला आणि दोघांचंही ऐकून घेऊ लागला.

मी चप्पल घातली. आता तिथे माझी गरज नव्हती. गल्लीत आलो तरी भांडण ऐकू येत होतं. तो म्हणत होता, गुडघ्यासाठी तरी ठेव. ती म्हणत होती, गुडघा वेगळा काढून देते, भिंतीवर लावा. इतकं छान भांडण त्या घरात किती दिवसांत झालं नव्हतं. मी मुद्दाम हळूहळू चाललो.