चिंचेखालचं भूत

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात चिंचेखालची जागा कायम रिकामी. तिथं भूत आहे म्हणतात. मी पलीकडेच बांगड्यांचं दुकान मांडते, आणि त्या भुताचा मला भारी राग. आम्ही हातभर जागेसाठी एकमेकींच्या उरावर बसायचं, आणि इथं उताऱ्याच्या लिंबू-मिरच्या ऐसपैस पसरलेल्या!

आज तिथं सिमेंटचा ओटा होणार होता. खडी पडली होती, कुण्या पुढाऱ्याच्या वडिलांच्या नावाची पाटीही आली होती. शेजारी तांड्यावरची म्हातारी भिकाबाई मिरच्या विकत होती. तिला म्हटलं, "मावशी, गेलं बघा भूत एकदाचं!"

तिनं तराजू खाली ठेवला.

"कहकशा, भूत न्हाई त्ये. आमी व्हतो."

"म्हंजे?"

"बाहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर जातीजातीचे येगळे माठ व्हते. आमी बाया एका माठातलं पानी प्यालो, तर मुकादमानं कामावरून काढलं. मंग तांड्याच्या अन् तुमच्या मोहल्ल्याच्या बाया हितं बसल्या. बाजार बंद पाडला. पोलिसांनी लई मारलं. आमच्यातली पारुबाई हितंच गेली."

"मंग भूत?"

"पुढं आनीबानी आली. पारुचं नाव घ्यायची चोरी. जागेवर मुकादमाचा डोळा. मंग जागा कुनी घिऊ नये म्हनून आमीच भूत उठवलं. तुजी नानी गौसिया सगळ्यांत पुढं."

माझं डोकंच फिरलं. नानीनं मला लहानपणापासून त्या जागेची भीती घातली होती. ती मरेपर्यंत याबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि मी मूर्ख त्या ओट्यावर जागा मिळावी म्हणून ठेकेदाराच्या मागे लागले होते. तिकडं मिक्सर सुरू झाला.

"काहून गप बसलात मावशी एवढी वर्षं?"

"कुनी इचारलं?"

ती उठली. गुडघे धरत चिंचेखाली गेली आणि लिंबू-मिरच्या बाजूला सारून खाली बसली. ठेकेदार धावत आला.

"आजी, उठा. तकलीफ देऊ नका."

"तवाबी पोलीस हेच म्हनले व्हते."

आजूबाजूच्या बाया हसल्या. ठेकेदार फोन काढून कुणाला तरी बोलावू लागला. पळावंसं वाटत होतं, आणि नानीचा भयंकर राग येत होता, आणि रडूही. बांगड्या तशाच उघड्या टाकून मी पाण्याची बाटली घेतली आणि चिंचेकडे निघाले.

भिकाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या डाव्या बाजूची माती तिनं हातानं झाडली.

"गौसिया हितं बसली व्हती," ती म्हणाली.