राहून गेलेले दोन टाके

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्या डोक्यावर टीव्ही ठेवलेला आहे. हसू नका. दिवसभर त्यात चार माणसं एकमेकांवर ओरडत असतात, की हे सरकार पाच वर्षं टिकणार की नाही. माझी सुई काढून डबीत ठेवली आहे, पट्टा सैल पडला आहे, चाकावर धूळ बसली आहे. ओरडणारं सगळं वर आणि मुकं सगळं खाली, अशी आमच्या घरची मांडणी झाली आहे.

माझा जन्म लुधियानाचा. तिथल्या भट्टीतून निघाले तेव्हा अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. दोन घरं फिरून मी सुरतला उधन्याच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडले. तिथून विठ्ठलने मला हातगाडीवर घालून नवागामच्या या गल्लीत आणलं. विठ्ठल धुळे जिल्ह्यातला, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. बायको छाया, आणि पाळण्यात अश्विनी. छायाने मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मला दाराशी उजेडात बसवलं. दाराशी बसल्यामुळे गल्लीचं पार तोंडापर्यंतचं मला सगळं दिसतं. नको ते सुद्धा दिसतं.

काम मी कधी टाळलं नाही हो. साड्यांना पिको, शाळेचे गणवेश, परकर, पिशव्या, सगळं केलं. छायाची नजर पहिल्यापासून जवळची अधू. सुईत दोरा ओवायला तिला अर्धा तास लागे. मग तिचा धाकटा भाऊ सुकलाल यायचा. तो आमच्यापासून तीन घरं पलीकडे राहतो. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तासांची पाळी करून आला, की हातपाय धुवायच्या आधी माझ्यापुढे वाकायचा आणि एका फटक्यात दोरा ओवायचा. शेकडो धाग्यांत एक तार तुटली तर चालत्या लूमवर लांबून ओळखणारा माणूस तो, त्याला माझ्या सुईचं काय! वर तेलाचे दोन थेंब सोडायचा आणि म्हणायचा, "अक्का, हिचा आवाज आमच्या लूमपेक्षा गोड शे." मला सगळ्यांत आवडणारा माणूस कोण विचाराल, तर हाच. अश्विनीचाही तोच लाडका मामा. तिने लहानपणीच जाहीर केलं होतं, "माझ्या लग्नात मला मांडवात मामाच नेणार, दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही." आणि मामा मिशीला पीळ द्यायचा.

आता झेंड्यांचं सांगते. निवडणूक देशात कुठेही असो, तिचं कापड सुरतेला छापतात. झेंडे, उपरणी, टोप्या, सगळं इथूनच जातं. कापलेलं कापड गणेश नावाचा माणूस रिक्षात गठ्ठे घालून गल्लीत आणतो, आणि घरोघरच्या बाया शिवतात. झेंड्याला एका बाजूने काठी घालायचा नेफा असतो. त्या नेफ्याचं वरचं तोंड दोन टाके घालून बंद करायचं. त्याला आम्ही टोपी म्हणतो. टोपी असली की काठी कापडात अडकून बसते, झेंडा खाली घसरत नाही, काठीचं टोक झाकलेलं राहतं. छाया या दोन टाक्यांना फार जपायची. गणेश म्हणायचा, "मावशी, तुमच्या झेंड्याची तक्रार कधी आली नाही." मी मनात म्हणायची, येईल कशी, शिवतंय कोण!

यंदा लोकसभेची निवडणूक लागली. पक्षांची नावं मी घेणार नाही, घेऊन कुणाचं भलं झालंय? एकाचं कापड राणी रंगाचं आणि दुसऱ्याचं मोरपंखी, एवढं पुरे. आमच्या लोकांची राहणी सुरतेची, पण मतं बहुतेकांची अजून गावाकडे. म्हणून मतदानाच्या आदल्या दिवशी खानदेशातून बसगाड्या येतात आणि मतदारांना फुकट गावी नेऊन आणतात. असं करू नये असा कायदा आहे म्हणतात. बस मात्र येतेच. यंदा दोन आल्या. राणीच्या बसचा माणूस विठ्ठल, मोरपंखीच्या बसचा सुकलाल. बस भरायची, फोटो काढायचा आणि गावच्या पुढाऱ्याला पाठवायचा. त्या फोटोपायी दोघे महिनाभर याद्या घेऊन हिंडले. आधी चेष्टा चालायची.

"दाजी, तुमच्या बसमध्ये बसून बसून डास तेवढे बसतील."

"तुझ्या बसला तर धक्का मारायलाही माणसं मिळायची नाहीत!"

मग चेष्टा संपली आणि चहा बंद झाला. सुकलाल दोरा ओवायला यायचा, पण विठ्ठल मिलमधून येण्याआधी निघून जायचा. अश्विनीचं लग्न जूनमध्ये ठरलं होतं. छाया दोघांना सांगत होती, "मांडवात दोघं लागणार आहात मला. जिभा आवरा." कोण ऐकतंय? निवडणुकीच्या दिवसांत पुरुषांच्या कानात फक्त भोंगा शिरतो.

शेवटच्या आठवड्यात गणेश राणीचे गठ्ठे घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "मावशी, उद्या संध्याकाळी गाडी निघते. टोपी राहू दे. तोंड उघडं ठेवा, कुणी बघत नाही."

छाया थांबली. मी पण थांबले. मग तिने गठ्ठ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पाय चालवायला सुरुवात केली. मला वाटलं दोरा तोडावा, सुई मोडून घ्यावी. नाही मोडली. मी निमूट शिवत राहिले, मित्रांनो, आणि हे मला आज तुम्हाला सांगायलाच हवं. त्या गठ्ठ्यातल्या एकाही झेंड्याला टोपी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दोन्ही बस गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. ऊन असं, की माझं लोखंडी अंग तापलं होतं. माणसं चढत होती, बाया डबे धरून होत्या. दोन्ही बसमध्ये शेवटची एकेक जागा रिकामी होती, आणि चढायचं राहिलेलं माणूस एकच होतं, छाया. ती पिशवी घेऊन निघाली, तोच सुकलालने पिशवीचा बंद धरला.

"अक्का, तू मन्ही बसमा बस. माहेरनी बस शे."

दोघांची गावं एकाच रस्त्यावर, नदीच्या अलीकडे-पलीकडे. कुठल्याही बसने गेली असती तरी तिचं मत तिच्याच मनाचं होतं. पण विठ्ठल पुढच्या काचेवर बांधायचा झेंडा हातात घेऊन आला.

"ती मन्ही बायको शे. मन्हीच बसमा बसी."

"विचारा ना मग तिला!"

"तिला काय विचारायचं? सोड पिशवी."

"नाही सोडत."

छाया मधे उभी. एका हाताला भाऊ ओढतो आहे, पिशवीतल्या भाकरी रस्त्यावर सांडल्या आहेत, आणि दोन्ही बसच्या खिडक्यांतून लोक हसत आहेत. कुणीतरी मोबाइल काढून शूटिंगसुद्धा सुरू केलं. मेल्यांनो, खाली उतरून सोडवायला काय झालं होतं? विठ्ठलने झेंडा पुढे करून सुकलालला मागे ढकललं. मारायचं त्याच्या मनात नव्हतं, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. पण राणी रंगाचं कापड काठीवरून सरसर खाली घसरलं, आणि ताज्या फोडलेल्या बांबूचं टोक उघडं पडलं. ते सुकलालच्या डाव्या डोळ्यात गेलं.

तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, "अक्का, काय व्हयनं?"

कापड काठीच्या मध्यावर गोळा झालं होतं. टाके माझेच होते; झेंडा विठ्ठलने घरच्याच गठ्ठ्यातून उचलला होता. माझा प्रत्येक दहावा-बारावा टाका जरा लांब पडतो, त्यावरून मी ते लांबून ओळखले. छायानेही ओळखले असावेत, कारण तिने आधी झेंड्याकडे पाहिलं आणि मग भावाकडे.

दोघे नवराबायको त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. बस थांबल्या नाहीत. फोटो काढून दोन्ही वेळेवर निघाल्या. त्या निवडणुकीत विठ्ठल, छाया आणि सुकलाल, तिघांपैकी एकाचंही मत पडलं नाही.

डोळा गेला. डॉक्टरांना सुकलालने सांगितलं, की बसच्या पायरीवरून पडलो. पोलिसांत गेला नाही. पण लूमच्या मालकाने त्याला पंधरा दिवसांनी पाहिलं आणि मान हलवली. एका डोळ्याने तुटलेली तार दिसत नाही, दिसली तरी हात चुकून भलतीकडे जातो. आता तो कोसाडकडच्या एका इमारतीत फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. आमच्या दाराशी येणं त्याने बंद केलं. छाया डबा पाठवायची, तो घ्यायचा आणि रिकामा डबा घासून शेजारच्या मालतीबाईंच्या हाती परत पाठवायचा. माझ्यात तेल घालणारं कुणी उरलं नाही.

मग निकाल लागला. कुणालाच बहुमत नाही. टीव्ही तेव्हा फळीवर होता. चार दिवस त्यात आकडेच आकडे. कोण कोणाबरोबर जाणार, कोणाला कोणतं खातं हवं, कोण हॉटेलातून बाहेर आला, कोण रुसून आत बसला. पाचव्या दिवशी राणीवाले आणि मोरपंखीवाले एका टेबलाशी बसले. एकाने दुसऱ्याला पेढा भरवला. दोघांनी हात उंचावले आणि म्हणाले, की आमची मनं कधी वेगळी नव्हतीच.

विठ्ठलच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तसाच ताटात ठेवून त्याने टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलाल पाण्याचा कॅन घेऊन दारापुढून चालला होता. विठ्ठल आडवा गेला आणि रस्त्यातच त्याच्या पायांशी वाकला. वयाने मोठा, नात्याने मोठा माणूस. मला बघवेना.

"सुकलाल, मन्हं चुकनं. त्यांचं सुद्धा जमलं बघ. आता आपणही सोडून देऊ. अश्विनीला तुझ्याशिवाय मांडवात कोण नेईल?"

सुकलालने कॅन खाली ठेवला. "त्यांचं जमणारच, दाजी. त्यांच्यातल्या कुणाचा डोळा गेला होता का?" कॅन पुन्हा उचलत म्हणाला, "पोलिसांत गेलो नाही ते अक्कासाठी. तुमच्या दारात येत नाही ते माझ्यासाठी. एवढं तरी माझं राहू द्या."

त्याच संध्याकाळी गणेश आला. नव्या मंत्र्यांच्या स्वागताला नवे झेंडे हवे होते, अर्धा राणी, अर्धा मोरपंखी, मधे एक शिवण. "मावशी, तुमच्यासारखी सरळ शिवण कुणाची नाही. फक्त घाई आहे. टोपी राहू दे."

छाया उठली. "गणेश, माझ्या भावाचा डोळा त्या राहिलेल्या टोपीने गेला आहे. तू म्हणालास म्हणून नाही. मी ऐकलं म्हणून." तिने गठ्ठा उचलून रिक्षात ठेवला. विठ्ठल कॉटवर बसून ऐकत होता. हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण त्याने ते सुकलालला जाऊन सांगितलं नाही. दोष सगळा स्वतःवर राहू दिला, म्हणजे भावाबहिणीत तरी काही तुटायला नको. बोलायला फटकळ आहे तो, पण त्या दिवशी मला त्याची कीव आली आणि अभिमानही वाटला. छायाने माझी सुई काढली, डबीत ठेवली, आणि टीव्ही फळीवरून उतरवून माझ्यावर ठेवला.

लग्नाच्या दोन दिवस आधी मालतीबाई एक पुडकं घेऊन आल्या. आत पिवळी साडी. लग्नात नवरीने नेसायची मामाची साडी, सुकलालने पाठवलेली. घरात एकदम दिवाळी आल्यासारखं झालं. "मामा येणार!" म्हणून अश्विनी नाचली. मालतीबाई मान खाली घालून म्हणाल्या, "त्याने निरोप दिला आहे, साडी मामाची आहे, मामा येणार नाही म्हणून." कुणाला खरं वाटलं नाही. रागात माणूस बोलतो तसं.

टीव्ही खाली उतरला. साडीला पिको करायचा होता. छायाने सुई लावली आणि दोरा ओवायला बसली. दोरा चुकत होता, ती तो ओठांत ओला करून पुन्हा पुढे नेत होती, पुन्हा चुकत होता. अश्विनी म्हणाली, "दे, मी ओवते." छायाने दिला नाही. अर्ध्या तासाने ओवला गेला. मी कुरकुरत होते, तेल नव्हतं ना, तरी त्या साडीवर एकही टाका लांब पडू दिला नाही.

गल्लीतच मांडव घातला होता. मुहूर्त सकाळचा. नवरा मुलगा उभा, अंतरपाट धरलेला, आणि पिवळ्या साडीतली अश्विनी आमच्या दारात थांबलेली. भटजी म्हणाले, "मामा कुठे आहेत? वेळ जातोय." कुणी म्हणालं, गणेशला उभा करा, तोही घरचाच. अश्विनीने मान हलवली. ती बाशिंग बांधलेल्या डोक्याने सगळ्यांच्या देखत तीन घरं पलीकडे चालत गेली. ते दार आमच्याच रांगेतलं, तिथलं मला दिसत नाही. मी कान लावून बसले होते. कडी वाजली. पुन्हा वाजली.

ती एकटी परत आली. नंतर तिनेच आईला सांगितलं, की मामा बंद दाराआडून रडत होता आणि म्हणत होता, "पोरी, आशीर्वाद शे. जा. मांडवमा तुन्हा बाप शे, त्याले मी देखू शकाव नही."

अश्विनी कुणाचाही हात न धरता मांडवात गेली. तिच्या मागची जागा रिकामीच राहिली. तिथे कुणाला उभं राहू दिलं नाही तिने. विठ्ठल मांडवाच्या खांबाला धरून उभा होता.

झालं. टीव्ही पुन्हा माझ्या डोक्यावर आला. मित्रांनो, मला आता कुणी तेल घाला, असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. पण निवडणूक पुन्हा येईल, बस येतील, गठ्ठे येतील, आणि कुणीतरी दारातून सांगेल की घाई आहे, कुणी बघत नाही. तेव्हा तुमच्या घरातल्या मशीनवर जे कुणी बसलेलं असेल, त्याचा हात जरा धरा. झेंडा कोणत्याही रंगाचा असो, वरची टोपी शिवायला सांगा. दोनच टाके लागतात.