नाक धरून

फरशीवर जर्मनची ताटली खणकन वाजली आणि दुपारची सामसूम मोडली. राजकन्यानं डाळ पाखडायचं सूप बाजूला सारून पाहिलं. त्यांचा कुत्रा गोलू पाण्यापाशी गेला होता, पण पीत नव्हता. पुढचे पाय फाकवून, मान लांबवून नुसता उभा होता. पोट आत-बाहेर उडत होतं आणि छातीतून घरघर येत होती.

दोन दिवस सर्दी होती त्याला. नाक गळायचं, शिंका यायच्या, पण खात होता, खेळत होता. सकाळी शिरूर अनंतपाळहून सासूचा फोन आला. "आगं, ओव्याचा काढा पाज की त्याला! आरतीला पाजायचो, तसा." राजकन्यालाही पटलं. ती पाय लांब करून बसली, गोलूला पायांवर उताणं घेतलं, नाक चिमटीत धरलं आणि त्यानं तोंड उघडताच वाटी रिकामी केली. तो ठसकला, तडफडला. "नाटकं करू नको, गिळ गप," ती म्हणाली. पाच वर्षांची लेक आरती दारात उभी राहून बघत होती.

आता त्याच्या हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. राजकन्यानं झोपलेल्या आरतीला उठवलं, गोलूला ओढणीत गुंडाळलं आणि ऑटो केला.

"कुत्र्याला ऑटो?" ऑटोवाला म्हणाला. "ताई, मला ताप आला तर आमची बायको म्हणते, चालत जा!"

नेहमीची राजकन्या हसली असती.

जनावरांच्या दवाखान्यात वीरेश डॉक्टरांनी गोलूचा ओठ वर करून पाहिला, छातीला नळी लावली. "नुसतं नाक चोंदलेलं असतं तर दोन दिवस वाट बघितलेली चालते. पण जागेपणी अशी घरघर, पोट उडायलंय, हिरड्या निळ्या, मग घटकाभरही थांबायचं नसतं. तोंडानं काही पाजलं का?"

"न्हाई," राजकन्या म्हणाली.

बी.एस्सी. झालेली बाई. बाकावर चार माणसं बसलेली. शब्द तोंडातून निघूनही गेला.

डॉक्टर सिरिंज भरू लागले.

"पाजलं की!" आरती मोठ्यानं बोलली. "पायावर घेऊन, नाक दाबून. लई ठसकला तो."

शेळी घेऊन आलेला म्हातारा खाली बघून हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सिरिंज ठेवून दिली.

"ताई, नाक धरलं की जनावर तोंडानं श्वास ओढतं. काढा सरळ फुफ्फुसात. हे मला आधी कळायला पाहिजे होतं ना? मी सर्दीचंच औषध देत होतो."

राजकन्याचे कान तापले. मान वर झाली नाही. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनची नळी गोलूच्या नाकाशी धरली. "इथंच राहू द्या. उद्या सकाळपर्यंत काहीच सांगता येणार नाही."

ती निघाली तेव्हा गोलूनं तिच्याकडे बघून शेपटीचं टोक हलवलं. ते तिला सोसलं नाही. ती भरभर बाहेर आली आणि पायरीवर बसली. आरती तिला चिकटून बसली.

"गोलू मरंल का?"

"डॉक्टर बघायलेत ना, माउली."

आरतीनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, मी सांगितलं नसतं, तर तू सांगणार होतीस का गं?"