पीठ झाकणारा पंचा

हसू नका, मी एक पंचा बोलतोय. सुती, पातळ, अंगभर डाग. पण ताठा अजून कोऱ्या कापडाचा!

तीस वर्षं मी एका बेकरीवाल्यांकडे चाकरी केली. काम एकच: ओलं होऊन मैद्याच्या गोळ्यावर पांघरूण घालायचं. माझ्या राज्यात एक गोळा सुकला असेल तर शपथ! पाव भाजून निघाला की बेकरीवाले त्याच्या बुडावर नखाने वाजवायचे आणि आवाज ऐकून पास-नापास ठरवायचे.

पुढे त्यांची साखर वाढली. डॉक्टरांनी मैदा बंद केला, बेकरीही बंद झाली आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात जाऊन पडलो. दर शुक्रवारी घरात पिझ्झा व्हायचा. बेकरीवाले "भूक नाही" म्हणत आपल्या खोलीत जाऊन बसायचे. ज्याने जन्मभर लोकांना खाऊ घातलं, तोच उपाशी. मला फार वाईट वाटायचं.

लेकीलाही ते बघवेना. "बाबा, आज तुमच्यासाठी कीटो पिझ्झा. मैदा अजिबात नाही; फ्लॉवर, बदामाचं पीठ, अंडं आणि चीज."

"फ्लॉवरचा? त्यापेक्षा सरळ भाजी वाढ ना!"

तिने किसलेला फ्लॉवर वाफवला, चाळणीत निथळला, सगळं कालवून ठेवलं. ती फोन घ्यायला गेली तेवढ्यात बाबा आले. गोळा चाचपला, "कोरडा आहे," असं पुटपुटले आणि सवयीने पाण्याचा हबका मारला. जित्याची खोड! ओव्हनमधून निघाला तो नुसता लगदा.

लेकीचे डोळे भरून आले. "माझंच काय चुकलं कोण जाणे."

"तुझं नाही गं, माझं. पाणी मी मारलं." ते ओशाळले. मग त्यांनी खण उघडून मला बाहेर काढलं. "उरलेला फ्लॉवर दे इकडे."

वाफवलेला फ्लॉवर माझ्यात बांधून त्यांनी मला असं पिळलं की धागा न् धागा करकरला. वाटीभर पाणी निघालं! जन्मभर ओल राखणारा मी, त्या दिवशी ओल काढत होतो, आणि तेही पहिल्याच फटक्यात!

नवा पिझ्झा भाजून झाल्यावर बाबांनी त्याचं बूड उचललं, नखाने वाजवलं. आवाज जरा दबका, पण टक्!

"पास," ते म्हणाले आणि ताट घेऊन सगळ्यांच्यात बसले. नातीने त्यांच्या तुकड्याकडे हात नेला, तर म्हणाले, "ए, हा माझा आहे!"

आता मी ओव्हनशेजारच्या खिळ्यावर असतो. मधोमध विरलोय, एक भोकही पडलंय. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मला ओटा पुसायला घेऊ नका. उद्या शुक्रवार आहे आणि माझ्या बेकरीवाल्यांना भूक लागणार आहे.