पुरवठादार

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता तिला कळलं, की आपण एका मोठ्या विमा कंपनीचे पुरवठादार आहोत. तोवर तिला याचा पत्ताच नव्हता. कंपनीनं ईमेलमध्ये ठणकावून लिहिलं होतं: एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या ग्राहकांच्या तारखा आपल्या प्रोग्रॅममुळे चुकत आहेत, ती चूक शुक्रवार संध्याकाळपर्यंत दुरुस्त करावी, आणि पुरवठादार या नात्याने सोबतचा अर्जही त्याच मुदतीत भरून पाठवावा. अर्जात दोनशे चौदा प्रश्न होते. खाली साधं 'धन्यवाद'ही नव्हतं.

तिचा प्रोग्रॅम तारखा वाचतो. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण माणसं तारीख शंभर तऱ्हांनी लिहितात. कुणी आधी दिवस टाकतं, कुणी आधी महिना, कुणी वर्षाचे दोनच आकडे लिहून मोकळं होतं, आणि तीन-चार म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. हा गुंता सोडवणारा प्रोग्रॅम तिनं अकरा वर्षांपूर्वी लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. घ्या, वापरा, हवा तसा बदला, पैसे नकोत. लोकांनी घेतला. बँकांनी घेतला, दवाखान्यांनी घेतला, तिकिटं विकणाऱ्यांनी घेतला. आणि ही बया अकरा वर्षं जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्यातल्या चुका निस्तरत राहिली. बदल्यात मिळाली एक टोपी, तीही तिच्या डोक्याला मोठी.

पाच महिन्यांपूर्वी तिची नोकरी गेली होती. नव्या नोकरीचं पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं होतं. पगार बरा होता. पण सातव्या कलमात लिहिलं होतं, की नोकरीत असेपर्यंत ती जे जे लिहील, ते घरी लिहिलेलं असलं तरी, मालकांचं. म्हणजे सही केली की प्रोग्रॅम सोडायचा. तो सांभाळायला दुसरं कुणी तयार नव्हतं, तिनं दोनदा जाहीर विचारून पाहिलं होतं. आणि सही करायची नाही म्हटलं तर सगळं घर नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईवर. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. कवळी फुकट द्या, आम्ही चारचौघांत तुमचं नाव घेऊ, असं त्याला आजवर एकाही बोळक्यानं म्हटलं नव्हतं. पत्रावर सही करायची मुदतही शुक्रवारचीच होती.

फेब्रुवारीची चूक तिनं वीस मिनिटांत दुरुस्त केली. त्या तारखेला जन्मलेल्यांचा काय दोष, असं तिला वाटलं. मग तिनं अर्ज उघडला आणि तिचं डोकं फिरलं. प्रश्न एकतीस: आपल्या कार्यालयात आग विझवण्याची काय सोय आहे? तिनं लिहिलं, एक बादली. प्रश्न अठ्ठावन्न: आपल्या कर्मचाऱ्यांची पूर्वपीठिका तपासली आहे का? तिनं लिहिलं, सासूबाईंनी लग्नाआधी तपासली होती. असं दात-ओठ खात ती एकशे बाराव्या प्रश्नापर्यंत पोचली. आपण उपलब्ध नसल्यास हे काम कोण पाहील? तिथं तिची बोटं थांबली. कुणीही नाही, हे खरं उत्तर होतं, आणि ते लिहिताना तिला रडूच कोसळलं.

तिचे वडील समोर बसून वाटाणे सोलत होते. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्टची दुरुस्ती केली होती. मुलीला ते लहानपणापासून ठिणगी म्हणत, आणि ठिणगी रडायला लागली की प्रकरण गंभीर आहे हे त्यांना कळायचं. त्यांनी चष्मा चढवून अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, की हे तुला पुरवठादार म्हणतात, तर मग करार कुठाय? करार नाही, ती म्हणाली. प्रोग्रॅम खुला आहे, कुणीही घ्यावा, आणि मी कसलीही हमी देत नाही असं त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

"लिफ्टसुद्धा खुलीच असते," बाबा म्हणाले. "बटण दाबायचे कुणी पैसे देत नाही. पण लिफ्ट अडकली तर दोन तासांत या, असं ज्याला म्हणायचं असेल, तो वर्षाचा देखभालीचा करार करतो. तू देखभालच करतेस ना?"

"तेच करते. अकरा वर्षं."

"करार न करता बोलावलं, तर आम्ही जायचो नाही. तू वीस मिनिटांत जाऊन आलीस."

हे तिला झोंबलं. तिनं तिथल्या तिथे पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात 'कृपया' पाच वेळा होतं, 'जमल्यास' तीनदा आणि 'आपल्या सोयीनुसार' दोनदा. बाबांनी सगळ्यांवर काट मारली. उरलं ते एवढंच: प्रोग्रॅम फुकट होता आणि फुकट राहील. तुमचा अर्ज, तुमची मुदत आणि तुम्हाला उत्तरं देण्याची जबाबदारी मात्र फुकट नाही, त्यासाठी वार्षिक देखभालीचा करार करावा लागेल. खाली तिनं आकडा घातला. जुन्या नोकरीत ती तीन महिन्यांत जेवढं कमवायची तेवढा. तो टाइप करताना तिला चोरी करत असल्यासारखं वाटलं. हेच तर दुखणं होतं, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

गुरुवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. कंपनीच्या खरेदी विभागातल्या बाई होत्या. आवाज चांगला होता, दमलेला होता. त्यांनी सरळ सांगितलं, की मागच्याच वर्षी आमच्या इंजिनिअरांनी आग्रह धरला होता, या बाईंना काहीतरी द्या म्हणून. मी तुमच्या प्रोग्रॅमचं इंटरनेटवरचं पान उघडलं. पैसे कसे द्यायचे ते शोधलं, पण तिथे फक्त एकच बटण होतं.

"'आवडल्यास एक चहा पाजा' असं लिहिलं होतं, मॅडम. बाहेरच्यांच्या चहाला आमच्याकडे पैसेच काढता येत नाहीत. मी तरी काय करणार?"

तिचे कान तापले. ते वाक्य तिनं तीन दिवस घासूनपुसून लिहिलं होतं. कुणाला आपण हात पसरतोय असं वाटू नये, कुणी लोभी म्हणू नये. तिच्यासारखे कितीतरी जण असंच लिहायचे, चहा पाजा, कॉफी पाजा, आणि त्यात त्यांना मोठी सभ्यता वाटायची. आपल्या कामाची किंमत तिनं स्वतःच एक कप लावली होती, आणि वर लोकांवर चिडत बसली होती. पण म्हणून ते लोक सुटत नव्हते. हुकूम सोडताना त्यांना पत्ता बरोबर सापडला होता. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मात्र एक ईमेल करून विचारायला त्यांची काय बोटं झडली होती?

"आता कराराचं पत्र पाठवलंय, तर मार्ग आहे," बाई म्हणाल्या. मग कागद सरकवल्याचा आवाज आला. "हा आकडा... एवढाच?"

"का? जास्त आहे?"

"नाही हो. याला वरची सहीसुद्धा लागत नाही, माझ्याच अधिकारात बसतं. आमच्या कुंड्यांना पाणी घालायचा करार याच्यापेक्षा मोठा आहे." बाई हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "वर्षाचेच ना हे?"

कुंड्या. तिच्या डोळ्यांसमोर अकरा वर्षं उभी राहिली, तापात बसून केलेली दुरुस्ती, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उघडलेला लॅपटॉप.

"तीन महिन्यांचे," ती म्हणाली.

समोर बाबांचे वाटाणे सोलणारे हात थांबले.

"पण पत्रात वार्षिक लिहिलंय."

"चुकलंय पत्रात. दुरुस्त करून पाठवते."

अकरा वर्षं जगाच्या तारखा नीट लावणाऱ्या बाईनं वर्ष आणि तिमाही यांची गल्लत केली, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. तिमाहीला एवढे म्हणजे वर्षाला तिचा जुना पगार पुरता भरत होता आणि नव्या नोकरीची गरजच उरत नव्हती, पण हा हिशेब तिनं नंतर केला. त्या घटकेला ती नुसती रागात होती आणि बाई 'परवडणार नाही' म्हणतील याची वाट बघत होती. म्हटल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत मीच सही करून पाठवते."

फोन ठेवून ती दोन्ही हातांत डोकं धरून बसली. बाबा उठून तिच्या पाठीशी आले.

"झालं ना काम?"

"झालं."

"सगळं? तीन महिन्यांचे म्हणून?"

"सगळं."

"मग रडतेस कशाला, ठिणगी?"

"चौपट मागूनही वरची सही लागली नाही, बाबा."