वाकड्या मानेची फुलदाणी

आणखी एक फुलदाणी सरळ मानेची निघाली आणि गुडवाइगने कॉफीचा कप बाकावर आदळला.

काचेचा हा कारखाना आधी सासऱ्याचा, मग नवऱ्याचा, आता तिचा. भट्टीपुढचा टोरलाइफ तिचा मुलगा. त्याच्याइतका सरळ हात फ्योर्डच्या, म्हणजे त्या डोंगरातल्या खाडीच्या, साऱ्या काठाला कुणाचा नव्हता, आणि आज तोच हात जिवावर उठला होता. त्याची लेक सिग्ने ऑस्लोहून डिझाइन शिकून आलेली. तिला हवी होती मान टाकलेली फुलदाणी, वाऱ्याने कलल्यासारखी. सकाळच्या बोटीने हॉटेलवाली बाई नमुना बघायला येणार होती. काच निवायला अख्खी रात्र लागते, म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ताच. ऑर्डर गेली तर हिवाळ्यात भट्टी विझणार.

आणि बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते!

"आजी, बाबांना सांग, मान कलू दे."

"आई, तिला सांग, असला माल आपण फोडून परत भट्टीत टाकतो."

"मी काय तुमचा टेलिफोन आहे?" गुडवाइग खेकसली. "कर ना मेल्या वाकडी!"

"करतोच आहे गं!"

करत होता खरा. पण फुंकायच्या नळीच्या टोकाला तापलेली काच जरा झुकली, की हात आपसूक नळी फिरवून तिला सावरायचा. बापाचे धपाटे खाऊन मुरलेली सवय. नळी थांबली तर काच लोंबते, आणि याची नळी काही थांबेना.

म्हातारीचं डोकं फिरलं. "राहू दे. स्वीडनला जाऊ दे ऑर्डर. ते तुझ्यापेक्षा बरे फुंकतात. तुझा बापच म्हणायचा."

"बाबा? जन्मभर स्वीडिशांना नावं ठेवणारे बाबा त्यांना बरं म्हणायचे?" टोरलाइफ गर्रकन वळला. "शुद्धीवर आहेस का?"

नळी जागच्या जागी राहिली. काचेने हळूच मान टाकली.

"बाबा, हलू नका! हीच!" सिग्ने किंचाळली.

सकाळी हॉटेलवाल्या बाईने त्या मानेवरून बोट फिरवलं आणि सगळ्या जेवणघरासाठी तशाच मागितल्या.

ती बोटीत चढते न चढते तोच टोरलाइफ म्हणाला, "आई, तिला सांग, असली पुन्हा जमणार नाही."

"आजी, बाबांना सांग, जमवा."

गुडवाइगने कपाळावर हात मारला, खुर्ची ओढत भट्टीपाशी नेली आणि टोरलाइफच्या मागे बसून त्याला पुन्हा गर्रकन वळवेल असा नवा टोमणा शोधू लागली.